नादारीचा अर्ज करण्याआधीची तयारी

पगार जमा झाला की दोन दिवसांत खातं रिकामं. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डातून भरायचं, आणि अनोळखी नंबरवरून फोन वाजला की घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं. या टप्प्यावर आलेली माणसं दबक्या आवाजात विचारतात, "आपल्याकडे साध्या माणसाला दिवाळखोरी जाहीर करता येते का हो?" येते. तिला कोर्टाच्या भाषेत नादारी म्हणतात, त्यासाठी शंभर वर्षांहून जुने कायदे आहेत आणि ते आजही लागू आहेत. अर्ज वकील लिहून देईल. पण त्याला लागणारी निम्म्याहून अधिक माहिती तुमच्या कपाटात, फोनमध्ये आणि डोक्यात विखुरलेली आहे. ती कशी गोळा करायची, आणि अर्जाआधीच्या महिन्यांत कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते इथे सांगतो.

कायदा कुठला आणि कोर्ट कुठलं

मुंबईत राहणाऱ्यांना १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट लागतो आणि अर्ज उच्च न्यायालयात जातो. महाराष्ट्राच्या बाकी भागाला १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. तुम्ही जिथे राहता, धंदा करता किंवा पोटापाण्याचं काम करता, त्या हद्दीतलं कोर्ट धरायचं.

२०१६ ची इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्ट्सी कोड बातम्यांमध्ये सारखी येते, म्हणून अनेकांना वाटतं की आपलंही प्रकरण त्यातच जाईल. त्या कायद्यात व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे खरा, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. तुम्ही एखाद्या कंपनीच्या कर्जाला जामीन असाल तर तुमचा रस्ता वेगळा, तो एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, जातो. बाकी सगळ्यांना जुनेच कायदे. "नव्या कायद्यात तीन महिन्यांत कर्ज माफ करून देतो" असं सांगून आगाऊ पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

अर्ज करायला पात्रता फार मोठी लागत नाही. कर्ज फेडण्याची ऐपत उरलेली नसावी, आणि देणं किमान ५०० रुपयांचं असावं. रक्कम वाचून आश्चर्य वाटेल, पण ती त्या काळची आहे आणि तशीच राहिली आहे. देणं तेवढं नसलं तरी पैशाच्या हुकूमनाम्यापायी, म्हणजे रक्कम द्या या कोर्टाच्या आदेशापायी, अटक झालेली असेल किंवा मिळकतीवर जप्ती आलेली असेल, तरी अर्ज करता येतो.

अर्जाने काय सुटत नाही, ते आधी समजून घ्या

हे पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हवं, कारण काही लोकांना हे कळल्यावर अर्ज करायचाच नसतो.

तारण ठेवून घेतलेलं कर्ज असेल तर तारणावरचा हक्क बँकेकडेच राहतो. तुम्ही नादार ठरलात तरी बँक घर विकून वसुली करू शकते. गृहकर्ज हीच मुख्य अडचण असेल तर सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या) नोटिशीतले ६० दिवस तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहेत. त्या मुदतीत बँकेशी लेखी बोला आणि वकील गाठा.

जामीनदारही सुटत नाही. तुमच्या कर्जाला ज्या मित्राने किंवा भावाने सही केली आहे, त्याच्यामागे धनको, म्हणजे कर्ज देणारा, जाणारच. त्याला ही गोष्ट कोर्टाच्या कागदावरून कळू देऊ नका. आधी स्वतः जाऊन सांगा. नातं टिकण्याची थोडी तरी शक्यता त्यातच आहे.

सरकारी देणी, म्हणजे आयकर वगैरे, कोर्टाकडून मुक्ती, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटका, मिळाल्यावरही राहतात. फसवणुकीतून किंवा विश्वासघाताने झालेलं देणं राहतं. बायको-मुलांच्या पोटगीचा हुकूम राहतो. आणि चेक न वटल्याची कलम १३८ ची केस ही फौजदारी आहे, ती नादारीच्या अर्जाने मिटत नाही. हाती नोटीस आली असेल तर १५ दिवसांत रक्कम देण्याची मुदत चालू झालेली असते. ती तारीख वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एक गैरसमजही इथेच दूर करतो. नुसता अर्ज टाकला की वसुली थांबते, असं नाही. धनकोंच्या हातून तुमची मिळकत सुटते ती कोर्टाने नादार ठरवल्याच्या हुकमानंतर. त्या हुकमानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणाला तुमच्या मिळकतीवर कारवाई करता येत नाही, तारणवाले सोडून. अटकेचा धोका असेल तर अर्जासोबत अटकेपासून संरक्षण मागायला वकिलाला आवर्जून सांगा. आणि केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात स्पष्ट केलं आहे. देण्याची ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याची गोष्ट वेगळी. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करताच येत नाही.

देण्यांची वही

एक दोनशे पानी वही घ्या. संगणकावर करता येत असेल तरी आधी हाताने लिहा, कारण लिहिताना विसरलेली देणी आठवतात. प्रत्येक धनकोला एक पान द्या आणि त्यावर लिहा: धनकोचं पूर्ण नाव आणि पत्ता, कर्जाची तारीख, मूळ रक्कम, आजवर किती भरलं, आज किती मागतात, त्यात मुद्दल किती आणि व्याज-दंड किती, शेवटचा हप्ता कधी भरला, तारण काय, जामीनदार कोण, कोरे चेक किंवा सही केलेले स्टॅम्प पेपर कुणाकडे आहेत का, आणि कोर्टात काही चालू आहे का.

समजा, पतसंस्थेचं पान. "मूळ कर्ज ३,००,०००. मार्च २०२२. भरले १,१०,०००. आज मागणी ३,४५,०००. शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२३. जामीनदार दोन. तीन कोरे चेक संस्थेकडे. कलम १०१ चा वसुली दाखला मिळाल्याचं पत्र आलं आहे." शेवटचं वाक्य वाचून वकील खुर्चीत सरसावून बसेल. सहकार कायद्यातला १०१ चा दाखला मिळालेल्या संस्थेला दिवाणी दावा लावायची गरज उरत नाही, तिचा वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो. घरी आलेलं असं पत्र न फोडता टीव्हीमागे सारलेलं असेल तर आज फोडा.

बँका, फायनान्स कंपन्या आणि कर्ज देणाऱ्या ॲपची देणी शोधायला क्रेडिट रिपोर्ट कामी येतो. आपल्याकडे चार कंपन्या हे रिपोर्ट देतात: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकात दिसलेलं कर्ज दुसऱ्यात नसतं. ॲपच्या बाबतीत ॲपचं नाव वेगळं आणि खरी कर्ज देणारी कंपनी वेगळी असते. करारात त्या कंपनीचं नाव सापडतं, यादीत तेच लिहायचं.

रिपोर्टमध्ये न दिसणारी देणी जास्त अवघड. सावकार, हातउसने, उचललेल्या भिशीचे राहिलेले हप्ते, दुकानदाराची उधारी, मालकाकडून घेतलेली उचल, थकलेलं भाडं, मुलांची फी. मेव्हण्याकडून लग्नात घेतलेले ५०,००० लिहायला हात धजत नाही, मला कल्पना आहे. पण कायद्याला सगळी देणी हवी आहेत, आणि मेव्हणाही धनकोच आहे. जाणूनबुजून लपवलेली गोष्ट पुढे उघडी पडली तर मुक्ती अडते आणि लबाडी सिद्ध झाली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

सावकाराच्या पानावर एक ओळ जास्त लिहा: परवाना आहे का? महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियंत्रण कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि जमीन परत मिळाल्याची उदाहरणं आहेत. अशा माणसाचं देणं नादारीच्या यादीत निमूटपणे मान्य करण्याआधी ही तक्रार करायची का, ते वकिलाशी बोला.

जुन्या देण्यांपुढे शेवटच्या हप्त्याची तारीख का मागितली? साध्या पैशाच्या देण्याची मुदत तीन वर्षांची असते. ती उलटून गेली असेल तर देणं वसूल होणं अवघड. पण मुदत संपण्याआधी तुम्ही लेखी कबुली दिलीत किंवा थोडी रक्कम भरून त्याची लेखी नोंद केलीत, तर तीन वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात. म्हणून वसुलीवाला दारात उभा राहून "नुसती इथे सही करा, साहेबांना दाखवायला" म्हणाला तर सही करायची नाही. "कागद ठेवून जा, वकिलांना दाखवतो," एवढंच म्हणा.

मिळकतीची यादी

इथे माणसं दोन टोकं गाठतात. काही जण "माझं काहीच नाही" म्हणून एक ओळ लिहितात, तर काही जण घाबरून मुलीच्या सायकलपर्यंत पोचतात. मधला रस्ता असा: जे तुमच्या मालकीचं आहे ते सगळं लिहायचं, त्याची आजची किंमत आणि ते कुठे आहे हेही लिहायचं, आणि यातलं काय जप्तीतून वगळलेलं आहे ते वकिलाला ठरवू द्यायचं.

घर, प्लॉट, शेत, वाहन, सोनं, मुदत ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, विमा, पीएफ, भिशीत न उचललेली रक्कम, घराला दिलेलं डिपॉझिट, तुम्हाला लोकांकडून येणं असलेले पैसे. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्साही लिहायचा, सातबाऱ्यावर अजून तुमचं नाव चढलेलं नसलं तरी. सातबारा, आठ अ किंवा प्रॉपर्टी कार्डाचे ताजे उतारे काढून ठेवा. घर दोघांच्या नावावर असेल तर जोडीदाराने किती पैसे घातले त्याचे बँकेचे पुरावे शोधा, कारण जोडीदाराचा हिस्सा तुमच्या देण्यात जात नाही. बायकोचं स्त्रीधनही तुमची मिळकत नाही. त्याच्या पावत्या, लग्नातले फोटो, जे असेल ते जपून ठेवा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने काही गोष्टी जप्तीतून वगळल्या आहेत आणि नादारीतही त्या तुमच्याकडेच राहतात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि तो राहतो ते घर. पीएफ, पीपीएफ आणि स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कमही यात येते. शहरातल्या नोकरदाराचं राहतं घर मात्र वगळलेलं नाही. अनेकांना हे माहीत नसतं.

पगाराचा हिशेब असा: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. धरण्याजोगा पगार ३१,००० असेल तर १,००० अधिक २०,००० मिळून २१,००० तुमचे, १०,००० वर धनकोंचा डोळा. काही भत्ते या हिशेबातून बाहेर राहतात, म्हणून पगाराची स्लिप सोबत न्या. घर महिना २१,००० मध्ये चालेल का, हे बायको किंवा नवऱ्यासोबत बसून आधीच मांडा.

आजपासून थांबवायच्या गोष्टी

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे बिघडतात, आणि बिघडवणारी माणसं बहुतेक वेळा लबाड नसतात, घाबरलेली असतात.

पहिली गोष्ट, मिळकत कुणाच्या नावावर करू नका. "फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाक, मग कोण काय करतं" हा सल्ला तुम्हाला चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे मिळेल. कायद्याला ही चाल १९२० पासून माहीत आहे. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत आलेल्या अर्जावर माणूस नादार ठरला तर फुकट किंवा नावापुरत्या किमतीत केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. मग फ्लॅट जातोच, शिवाय तुमच्या प्रामाणिकपणावर कायमचा प्रश्न उभा राहतो. असं हस्तांतर आधीच झालेलं असेल तर वकिलाला पहिल्या भेटीत सांगा.

दुसरी गोष्ट, एकाच धनकोचं देणं मागच्या दाराने फेडू नका. भावाचे पैसे आधी देऊन टाकावेत, बँकेचं नंतर बघू, असं मनात येणं स्वाभाविक आहे. पण एकाला मुद्दाम झुकतं माप देऊन पैसे दिले आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज आला, तर तो व्यवहार मागे फिरवता येतो. भावाच्या दारात रिसीव्हरची, म्हणजे तुमची मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाची, नोटीस जाईल. त्याचं भलं करायला जाल आणि त्याला कोर्टात खेचाल. भावाला इतर धनकोंच्या रांगेतच उभं राहू द्या. पाठ्यपुस्तकं, किराणा, वीजबिल, भाडं, औषधं यांवरचा रोजचा खर्च करायला हरकत नाही, मात्र पावत्या ठेवा.

तिसरी, नवं कर्ज घेऊ नका. फेडता येणार नाही हे माहीत असताना घेतलेलं कर्ज मुक्तीच्या वेळी तुमच्याविरुद्ध जातं. सट्टा, ऑनलाइन जुगार, "एकदा मोठा डाव लागला की सगळं फिटेल" असा विचारही त्याच यादीत. तोही आजच बंद करा.

कागद फाडू नका, चॅट पुसू नका, हिशेबाच्या वह्या जाळू नका. त्यात तुमच्या गैरसोयीचं काही असलं तरी.

कर्ज का झालं, त्याची हकिकत

हा भाग लोक टाळतात आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. १९२० च्या कायद्यात बिनशर्त मुक्ती मिळायला एक जुनी कसोटी आहे: तुमची मिळकत बिनतारणी देण्याच्या रुपयामागे आठ आणे तरी असावी. आज अर्ज करणाऱ्या क्वचितच कुणाची तेवढी असते. पण त्याच कायद्यात पुढे म्हटलं आहे की परिस्थिती तुमच्या हातात नव्हती, हे कोर्टाला पटवून दिलं तर ही अट आड येत नाही. ते पटवून द्यायला कागद लागतात.

म्हणून वर्षावार दोन पानं लिहा. कधी काय झालं, त्यामुळे कुठलं कर्ज घेतलं, ते कुठे खर्च झालं. आईच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि बिल, कंपनी बंद झाल्याचं पत्र, पीक गेल्याचा पंचनामा, पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाची थकलेली बिलं, घटस्फोटाचे कागद, जे असेल ते त्या त्या वर्षाला जोडा. धंदा असेल तर मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या लागतील, कारण धंदेवाल्याने त्या ठेवल्या नसतील तर तेही मुक्तीच्या आड येतं. चुकीचे निर्णय झाले असतील तर तेही लिहा. न्यायाधीशासमोर उलटतपासणीत पहिल्यांदा बाहेर येण्यापेक्षा ते तुमच्या कागदात आधीच असणं केव्हाही बरं.

वकिलाकडे जाताना

वही, मिळकतीची यादी, हकिकत, आधार-पॅन, तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, कर्जाचे करार, आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटासकट. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख कामी येते. नादारीचं काम रोज करणारे वकील थोडे आहेत, म्हणून "असे अर्ज तुम्ही चालवले आहेत का?" असं सरळ विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि तुरुंगात असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००.

तडजोड होऊ शकते का, हेही त्याच भेटीत तपासा. देणी दोन-तीनच बँकांची असतील तर एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत हा पुष्कळदा बरा मार्ग असतो. तडजोडीचं पत्र हाती आल्याशिवाय फोनवरच्या शब्दावर पैसे भरू नका.

या काळात वसुलीचे फोन चालूच राहतील. बँकेच्या माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवीगाळ, शेजाऱ्यांना फोन, बदनामी झाली तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणि रात्र सरत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कधीही बोलता येतं. कर्जाला कायद्यात वाट आहे, ती चालायला तुम्ही हवे आहात.

अर्ज दाखल झाल्यावर

अर्ज तुमच्या सहीने आणि सत्यापनाने जातो, आणि एकदा दिला की कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. धनकोंना नोटिसा निघतात, सुनावणी होते, तुम्हाला प्रश्न विचारले जातात. नादार ठरल्यावर मिळकत कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, मुंबईत ऑफिशियल असाइनीकडे. मुक्ती मिळेपर्यंत नव्याने हाती येणारी मिळकतही, वारसाने आलेली धरून, त्यातच जमा होते. या काळात आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तरी गुन्हा होतो, आणि खासदार, आमदार होता येत नाही.

हुकमात आणखी एक गोष्ट असते, ती शोधून अधोरेखित करा: मुक्तीसाठी किती दिवसांत अर्ज करायचा ती मुदत. मुक्ती आपोआप मिळत नाही. मुदतीत अर्ज केला नाही किंवा त्या तारखेला हजर राहिला नाहीत, तर नादारीचा हुकूमच रद्द होतो, धनको पुन्हा मोकळे होतात, आणि दुसऱ्यांदा अर्ज करायला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. मुदत वाढवून मागता येते. तोही अर्ज मुदत संपण्याआधीच वकिलाकडून टाकून घ्या.